भांगाचे दिवस

एकोणीस वर्षं मी एकच वाक्य लिहितेय:
निळ्या समुद्राकाठचं शांत, पारंपरिक मच्छीमार गाव.
कधी स्पेनमध्ये, कधी ग्रीसमध्ये,
एकदा घाईत ते इटलीतून उचलून माल्टात ठेवलं.
कुणी तक्रार केली नाही.
गिऱ्हाईकं जाऊन आली, चॉकलेटं आणली,
म्हणाली, अगदी तुम्ही लिहिलंय तस्सं.

मी काही गेले नाही.
पासपोर्ट आहे. त्यात माझा फोटो आहे.
बाकी पानं कोरी.

मार्चअखेर रजा बुडणार होती.
साहेब म्हणाले, तीन दिवस आहेत, जा कुठंतरी.
बेलापूरच्या ऑफिसखाली रिक्षा पकडली,
म्हटलं, दिवाळे कोळीवाडा.
मीटर झालं चौतीस रुपये.
हॅट मात्र घातली होती, गवती, रुंद काठाची,
माहितीपत्रकातल्या बाईच्या डोक्यावर असते तशी.

खाडी जागेवर नव्हतीच.
होता नुसता चिखल, चकचकीत,
त्यावर निवट्या टणाटण उडत होत्या
आणि होड्या कुशीवर कलंडलेल्या,
दुपारी जेवणं उरकून बायका लवंडतात तशा.
एकही इंजिन चालू नव्हतं.
ओट्यावर सोडे वाळत होते,
त्यांच्या राखणीला बसवलेला मुलगा
मोबाईलवर, आणि मांजर मुलावर डोळा ठेवून.
वहीत लिहिलं: शांत.
पलीकडे एक म्हातारा जाळं सांधत होता.
लिहिलं: पारंपरिक.
(जाळं नायलॉनचं होतं. ते नाही लिहिलं.)

'कनच्या हापिसातून आली?' म्हाताऱ्यानं विचारलं.
'पुलाची नुसकानी लिवाला?'
म्हटलं, नाही. फिरायला.
जोमा नाखव्यांनी गाठ अर्धी ठेवली,
माझ्याकडे बघितलं, मग हॅटकडे.
'फिराला. हितं.'
आणि दाराकडे तोंड करून,
'बारकू, च्या टाक गो, पावनी आयली.'

मी म्हटलं, किती शांत आहे तुमच्याकडे.
'भांग हाय ना,' ते म्हणाले.
होळी नुकतीच झालेली, मला वेगळंच वाटलं.
मग ते सांगत गेले, सुई चालूच:
अष्टमीच्या मागंपुढं पाण्याला जोर नसतो,
जोर नाही तर डोल फुगत नाही,
डोल फुगत नाही तर मावरं नाही,
मग बर्फवाला कशाला येईल, टेम्पो कशाला,
बाया तरी कुणाशी भांडतील?
'म्हनून शांत. बाकी काय नाय.'

बारकूबाईंनी चहा आणला, बशीत बटर.
मी काय काम करते ते ऐकून घेतलं.
'दोन लाख? गाव बगाला?'
आणि जरा थांबून,
'तिकरं मावरं कनचं मिलतं गो?'

दारांचा निळा मी लिहिलाय,
द्राक्षवेली, घंटा, पायऱ्यांवरचं ऊन,
मांजरं तर किती लिहिलीत.
माशाचं नाव एकदाही नाही.
मला येत नव्हतं.
तरी काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं,
तिकडच्या समुद्राला भरती-ओहोटी
जवळजवळ नसतेच.
(हे पाठ होतं. गिऱ्हाईक विचारतात,
किनारा दिवसभर असतो ना?)

सुई थांबली.
'नसते म्हंजे?
मंग बारा म्हैने भांग?'
जोमा नाखवा बराच वेळ चिखलाकडे बघत राहिले.
'कशी जगत असतीन गो ती मानसं,' म्हणाले,
आपल्या भावकीतल्या कुणाची
होडी फुटल्याचं कळावं तसं.

निघताना पाणी आलं होतं, घोट्याएवढं, आळशी.
एक होडी हलली, सरळ झाली नाही.
बारकूबाईंनी कागदात मूठभर सोडे बांधले,
पैसे घेतले. साठ.
'उदानाला ये,' नाखवा म्हणाले, 'आवसेला. मंग बग.'
आवस मंगळवारी येत होती. रजा संपलेली.
पर्स आठवडाभर वास मारत राहिली.

सोमवारी नवं पत्रक आलं, तुर्कस्तानचं.
निळ्या समुद्राकाठचं, लिहिलं. मग, शांत.
पुढे पारंपरिक येतं, हाताला सवय आहे.
पण उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात
आज कुठली तिथी ते बघून आले.